चंद्री बसली त्याचं मूळ

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चंद्री उठली, तिनं वैरणीला तोंड लावलं, हे आईनं सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यातच बसून घेतलं. आई, तू रात्रभर गोठ्यात पोतं अंथरून तिच्याजवळ होतीस. कान गार पडलेले, मान वळवून कुशीवर टाकलेली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली म्हणून वाचली. गेल्या साली हरणीही अशीच व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसली होती. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "दुधाची गाय आहे, बसायचीच." मला ते पटलं नाही आणि फोनवर धड बोलताही आलं नाही, म्हणून लिहितेय.

चिकाच्या एका लिटरातून साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. गायीच्या सगळ्या रक्तात मात्र एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम असतं. पहिल्या दिवशी दहा लिटर चीक निघाला तर रक्तात असतं त्याच्या सहा-सात पट कॅल्शियम बाहेर गेलं. ते भरून काढायला शरीराला हाडांतला साठा सोडावा लागतो, आणि तो वेळेवर सुटला नाही की गाय बसते. तुम्ही ती गाभण असताना कॅल्शियमचे डबे पाजलेत, मायेनंच पाजलेत. पण साठा हाडांत भरपूर असतो. अडतं ते तो सुटण्यापाशी. आणि अडवणाऱ्यांत एक मोठं नाव आहे पालाश, आपलं पोटॅश. चाऱ्यातून ते फार गेलं की रक्ताचा आम्ल-अल्क तोल अल्काकडे झुकतो आणि हाडांना "कॅल्शियम सोडा" असं सांगणाऱ्या संप्रेरकाचं काम मंदावतं. शिवाय पालाशामुळे पोटात मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही, आणि ते कमी पडलं की हेच संप्रेरक आणखी लंगडं पडतं.

आता गोठ्यामागचा नेपिअर गवताचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. रोज गोठा धुतला की शेणामुताचं पाणी चरीनं तिथंच जातं. गायीच्या अंगात जादा झालेलं पालाश बहुतेक मुतावाटेच बाहेर पडतं. उसाला टाकून उरलेलं 10:26:26 खत, पोटॅशचं अर्धं पोतं, तेही घराजवळ म्हणून त्याच पट्ट्यात रिकामं होतं. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर. नेपिअर गरज नसतानाही ते उचलून पानांत साठवतं. मग तीच वैरण गव्हाणीत, तेच मूत पुन्हा चरीत. मी शाळेत होते तेव्हापासून हे पालाश आपल्या गोठ्याभोवती फेर धरून आहे. आणि दावणीला गाभण गाय कुठली वैरण खाते? हाताशी असलेली, त्याच पट्ट्यातली. वर उसाचं वाढं. नेपिअर आणि वाढं, दोन्हींत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं.

हे म्हणणारी मी पहिली नाही. नेदरलँड्समध्ये हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या गायी अचानक झटके येऊन पडायच्या. 1957 साली केंप आणि त हार्ट या दोघांनी दाखवलं की गवतातलं पालाश हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेच्या 2.2 पटींवर गेलं की हा आजार झपाट्यानं वाढतो. ती मोजणी वजनाची नसते, रासायनिक तुल्यभाराची, म्हणजे कणांवरच्या विद्युतभाराच्या हिशोबाची असते, त्यामुळे घरी काट्यावर कळणार नाही. तो आजार मॅग्नेशियमचा आणि चंद्रीचा कॅल्शियमचा, पण खोडी करणारा दोन्हीकडे तोच.

बाबा, तुम्ही जमीन आरोग्य पत्रिका फोटोच्या मागे जपून ठेवलीय. मी ती पुन्हा वाचली. तिच्यात 12 गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नाहीत. पिकाच्या खताचा हिशोब लावायला ती पत्रिका चांगली, पण गायीचा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नाही. मला हे फार लागलं.

खताच्या नावानं मी बोटं मोडत नाहीये. त्याच खतावर पिकलेल्या उसानं माझी कॉलेजची फी भरली. आणि चंद्रीचं रक्त आपण आधी तपासलं नव्हतं, तेव्हा सगळं पोटॅशनंच झालं असंही मी छातीठोक म्हणणार नाही. तिसरं वेत, दुधाला भारी, अशा गायीला हा धोका असतोच. पण जे आपल्या हातात आहे ते का सोडायचं?

तांबू महिन्यानं व्यायची आहे. शेवटचे तीन आठवडे तिला मागच्या पट्ट्यातलं नेपिअर आणि वाढं नको. कडबा आणि डोंगराकडचं वाळलं गवत द्या. त्या काळात कॅल्शियम पाजू नका. खनिज मिश्रण कुठलं आणि किती, मॅग्नेशियम वेगळं द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. चरीचं तोंड उसाकडे वळवा, आणि पट्ट्यात पोटॅश एक मूठही नको.

मक्याबद्दल एकच. युरिया टाकला, पावसानं ओढ दिली आणि मग आभाळ भरून आलं, की लगेच कापू नका. बुंध्यात गुरांना विषारी असं नायट्रेट साचतं, आणि वाळवूनही ते जात नाही. थोडं थांबा, कापताना बुंधा वीतभर सोडा.

आई, तू आता रात्री घरात झोप. चंद्रीला काही वाटलं तर मला कितीही वाजता फोन कर.

रविवारी पहिल्या गाडीनं येते. नेपिअरचे, वाढ्याचे आणि कडब्याचे वेगवेगळे नमुने घेऊन परत जाईन, पालाशाबरोबर कॅल्शियम-मॅग्नेशियमही तपासून घेईन. बाबा, विळ्याला धार लावून ठेवा, आणि तोवर तो पट्टा कापू नका.

तुमची,
ताई