अल्टाडेनासाठी जमवलेला निधी: कोणाला आणि केव्हा

पासाडेना, कॅलिफोर्निया

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेना गावातील वणवाग्रस्तांसाठी तुमच्या मंडळाने जमवलेला निधी कोठे द्यावा, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे की, सगळी रक्कम एकदम देऊन मोकळे होऊ नका. मोठा वाटा आगीनंतरच्या तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. घर जळालेल्या विमाधारकांना तात्पुरत्या निवाऱ्याच्या खर्चासाठी कॅलिफोर्नियाच्या कायद्याने किमान २४ महिन्यांची मुदत मिळते. ती संपते तेव्हा घर बांधून झालेले नसते आणि देणगीदार तर केव्हाच दुसऱ्या आपत्तीकडे वळलेले असतात.

७ जानेवारी २०२५ रोजी लागलेल्या या वणव्यात (त्याला 'ईटन आग' म्हणतात) नऊ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. गावातून जाणाऱ्या लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेकडील वस्तीला घरे सोडण्याचा आदेश पूर्वेपेक्षा कित्येक तास उशिरा मिळाला आणि बहुतेक मृत्यू तेथेच झाले. अन्यत्र कोणी घर विकत देत नसे, त्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांनी याच बाजूला घरे घेतली. त्यांतील अनेकांचे कर्ज फिटलेले. कर्ज नाही म्हणून बँकेकडून विम्याची सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणून कित्येकांचा पुरेसा विमाही नाही. शिवाय आपल्याकडे सातबाऱ्यावर जसे आजोबांचेच नाव राहून जाते, तसे काही घरांच्या कागदांवर दिवंगतांचेच नाव आहे, त्यामुळे वारसांना बांधकामासाठी कर्ज मिळवणे कठीण जाते. अशा कुटुंबाला ब्लँकेटपेक्षा वकिलाची फी अधिक उपयोगी पडेल. पण फीसाठी देणगी द्यायला कोणी पुढे येत नाही. तिचा फोटो काढता येत नाही ना!

भाडेकरूंची, आणि त्या घरांत बागकाम-घरकाम करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. घराच्या विम्याचे पैसे मालकाला मिळतात. अधिकृत कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना तर केंद्र सरकारची रोख मदतही मिळत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतील ते खासगी देणगीचेच पैसे.

जमिनीचा प्रश्न मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. 'अल्टाडेना विक्रीस नाही' अशा पाट्या येथे जागोजागी लागल्या, परंतु हातचे पैसे संपल्यावर बिल्डरची रोख रक्कम नाकारणे फार थोड्यांना जमते. ऑगस्ट २०२३ च्या आगीनंतर हवाईतील माउई बेटावरच्या लहायना गावात स्थानिकांनी लँड ट्रस्ट स्थापन केला. नाइलाजाने विकली जाणारी जमीन तो घेतो आणि ती गावकऱ्यांसाठीच राखतो. असल्या कामाला दिलेल्या पैशाचा हिशोब सहा महिन्यांत मागू नये.

संस्था निवडताना एवढे विचारा: मदत कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत आगीत घर गमावलेले भाडेकरू आहेत का? मंडळाची सभा कधी आहे ते कळव. अशा संस्थांची यादी त्याआधी पाठवतो.

तुझा,
अविनाश