चोवीस लाखांचा हिशेब

पुणे,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी मी फोन मध्येच ठेवला, त्याबद्दल आधी माफी. "महिन्याला दोन लाख घेतेस आणि घराच्या स्लॅबच्या दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणतेस?" असं बाबा म्हणाले आणि मला पुढे बोलताच येईना. तेव्हा मी सांगलीहून परतत होते, गाडी खंबाटकीच्या अलीकडे एका ढाब्यापाशी उभी होती. म्हणजे तासा-दीड तासापूर्वी मी कराडवरून गेले होते आणि घरी आले नव्हते. शुक्रवारी सकाळी नऊला पुण्यात मीटिंग होती, हे कारण खरंच आहे, पण ते कारण सांगायलाही तोंड उरलं नाही.

फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही. बाबांना कागदावर आकडे लागतात, म्हणून पत्र लिहिते आहे. सोबत डिसेंबरची पगाराची स्लिपही ठेवली आहे.

दोन लाख हा आकडा तुम्ही मनाने काढलेला नाही, मीच दिलेला आहे. रीजनल मॅनेजर झाले तेव्हा पेढे घेऊन आले आणि दारातच "चोवीसचं पॅकेज" म्हणाले. आईने लगेच बाराने भागलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं की असं भागायचं नसतं. पण तुमचे चेहरे बघून मला फार बरं वाटलं होतं, म्हणून गप्प बसले. मग तो आकडा एका साखरपुड्यात मामांपर्यंत गेला, मामांकडून दादाकडे, आणि दादाने पाच लाख उसने मागितले. यात तुमची चूक काहीच नाही.

बाबा, तुमच्या शाळेच्या नोकरीत पगाराचं गूढ नव्हतं. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. केंद्रप्रमुखांना किती मिळतात हे शिपायालाही ठाऊक असायचं. सहाव्या आयोगानंतर वेतनवाढ १ जुलैला, पाऊस पडो न पडो. आमच्याकडे 'पॅकेज' म्हणजे कंपनीला मी वर्षाला किती रुपयांना पडते तो आकडा. मला किती मिळतात हे त्यातून कळत नाही.

आता लाल पेन घ्या. २४ लाख म्हणजे महिना २ लाख. त्यातले ४० हजार इन्सेंटिव्हचे, म्हणजे टार्गेट झालं तर. ते महिन्याला येतच नाहीत, तिमाहीला येतात, आले तर. माझं बेसिक ८० हजार. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ९,६०० कंपनी माझ्या पीएफमध्ये भरते आणि तेही पॅकेजमध्येच मोजते. ग्रॅच्युइटीपोटी साधारण ३,८५० धरलेले असतात. मेडिक्लेमच्या हप्त्याचे १,६५० च्या आसपास, ज्यात तुम्ही दोघंही आहात. हे सगळं वजा जाता राहिले १ लाख ४५ हजारांच्या जरा आत. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा ९,६००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, हे तुम्हाला पाठ आहे) आणि आयकर साडेअकरा हजार. खात्यात पडतात १ लाख २३ हजार ५०० च्या आसपास.

हे काही कमी नाहीत. गरिबीचं गाऱ्हाणं मी मुळीच करत नाहीये. पीएफ तर माझाच आहे, तो कुठे गेलेला नाही. पण दोन लाख आणि सव्वा लाख यांत पाऊण लाखाचा फरक आहे. नातेवाईक दोन लाखांचा हिशेब धरून बोलतात आणि मला सव्वा लाखात घर चालवायचं असतं.

एक गोष्ट बाबांना आवडणार नाही, तरी सांगते. कंपनी भरते त्या पीएफमधले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात, कारण तिथे पगार १५ हजारांपर्यंतच धरतात. त्या सूत्राने ३५ वर्षं नोकरी केली तरी मला पेन्शन साडेसात हजारांच्या आसपास बसेल. तुम्हाला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं, वर महागाई भत्ता, आणि तुमच्यामागे आईला कुटुंबनिवृत्तिवेतन. त्यामुळे मी काही बाजूला टाकते तेव्हा "कशाला एवढी साठवणूक?" असं म्हणू नका.

आता ते ४० हजार. ह्याच पैशातून मी स्लॅब करणार होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर हे जिल्हे. हाताखाली पाच एरिया मॅनेजर, त्यांच्या हाताखाली सेल्सची पोरं. आमचा माल म्हणजे साबण, शाम्पू, केसांचं तेल. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल विकला की ती प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला विकला की ती सेकंडरी. माझं इन्सेंटिव्ह बहुतांश प्रायमरीवर. तिमाहीचं टार्गेट ९० टक्क्यांच्या खाली राहिलं तर शून्य. नव्वदपासून पुढे टप्प्याटप्प्याने, शंभराला पूर्ण. एकोणनव्वदला कुणी पाठ थोपटत नाही.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाजाराचा हात आखडला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, सगळं १८ टक्क्यांवरून ५ वर, आणि तेही २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेच्या दिवशी. लोकांसाठी चांगलंच झालं. आईनेच मला फोनवर सांगितलं होतं, साबण स्वस्त झाला म्हणून. पण जो माल तीन आठवड्यांनी स्वस्त होणार आहे तो आज कोण घेईल?

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात मी भवानी पेठेतल्या आमच्या डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये बसले होते. बोळ इतका अरुंद की टेम्पो आत येताना रिक्षा मागे घ्यावी लागते. शेटजींनी अर्धा अर्धा चहा मागवला, वही उघडली, आमच्या मालाचं पान माझ्याकडे फिरवलं आणि बोट ठेवलं. सत्तावीस दिवसांचा स्टॉक पडून होता. "ताई, माणूस म्हणून सांगा, तुम्ही उचलला असता का?" मी म्हटलं, नसता. "मग २२ नंतर या, हार घालतो." मागे दोन पोरं फरशीवर बसून खोकी मोजत होती. एक-दोन महिन्यांत त्याच खोक्यांवर नव्या किमतीची स्टिकरं डकवायचं कामही त्यांनाच पडलं.

२२ नंतर आठ दिवस हातात होते. धावले. तिमाही ८७ टक्क्यांवर बंद झाली. इन्सेंटिव्ह शून्य.

कंपनीने टार्गेट कमी करायला हवं होतं का? माझ्या मते हवं होतं, आणि मी तसं मेलवर लिहिलंही. उत्तर आलं की धोरण सगळ्या देशासाठी एकच आहे. त्यातच सोलापूरची एरिया मॅनेजरची जागा जूनपासून रिकामी. बाबा, तुमच्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असली की वर्ग जोडायचे. आमच्याकडे माणूस नसला तरी त्याचं टार्गेट असतंच, आणि ते माझ्याच डोक्यावर बसतं. ह्याचा मला राग आहे. पण राग धरून महिना क्लोज होत नाही.

तुम्ही विचारलं होतं की तुमच्या मित्राचा मुलगाही रीजनल मॅनेजर आहे, मग त्याचं बरं कसं चाललंय. तो सरकारी बँकेत एजीएम, म्हणजे असिस्टंट जनरल मॅनेजर आहे, अधिकाऱ्यांच्या श्रेणीत स्केल पाच. त्याचा मूळ पगार १,२०,९४० पासून सुरू होतो, वर महागाई भत्ता, बँकेचं घर, गाडी. त्याची श्रेणी करारात छापलेली आहे, कुणीही वाचावी. आमची पाटी तीच, पण तिच्याखाली काय मिळेल हे कुठेच छापलेलं नसतं. माझ्या ओळखीतच ह्या एका हुद्द्यावर बारा लाखांची माणसं आहेत आणि चाळीस लाखांचीही. बारावाला एका छोट्या मसाला कंपनीत आहे, त्याच्याकडे चार जिल्हे. चाळीसवाला औषधांत, त्याच्या हाताखाली अख्खा पश्चिम भारत आणि ऐंशी माणसं. रीजन म्हणजे किती, हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. कुणाचं रीजन म्हणजे पुणे शहर, कुणाचं तीन राज्यं.

मग येते तुम्ही कुठून आलात ही गोष्ट. मी शिवाजी विद्यापीठाची बीकॉम, नोकरी करत दूरशिक्षणाने एमबीए. २००९ ला पिशवी खांद्यावर टाकून दुकानं फिरत सुरुवात केली. माझ्याच दर्जाचा नागपूरचा सहकारी मोठ्या संस्थेच्या कॅम्पसवरून थेट मॅनेजर म्हणून आला. त्याला माझ्यापेक्षा चार-पाच लाख जास्त आहेत. तो हुशार आहे, पण चार-पाच लाखांनी हुशार नाही. खालून वर चढणाऱ्याची वाढ जुन्या पगारावर टक्क्यांनी होते, बाहेरून येणाऱ्याचा भाव बाजार ठरवतो. त्यामुळेच आमच्यात सगळे तीन-चार वर्षांनी कंपन्या बदलतात. बाई म्हणून कमी मिळतं का, असं आईने एकदा विचारलं होतं. छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण पगार कुणी कुणाला सांगतच नाही. पण ओवीच्या जन्माच्या वेळी सहा महिने रजेवर होते, त्या वर्षीचं रेटिंग मधलं आलं, आणि त्या वर्षीची कमी वाढ आजही माझ्या बेसिकमध्ये बसलेली आहे.

मलाही बदलायची संधी आली आहे. हे अनिकेतशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या कंपनीने ३० लाख सांगितले. बाबा, लगेच फोन उचलू नका, आधी भागाकार करा. त्यातले ३५ टक्के इन्सेंटिव्ह, म्हणजे साडेदहा लाख. उरले साडेएकोणीस. माझे पक्के आत्ता १९ लाख २० हजार आहेत. म्हणजे सहा लाखांची उडी म्हणतात, त्यातले पक्के ३० हजार, तेही वर्षाचे! बाकी सगळं 'झालं तर'. वर महाराष्ट्राबरोबर गोवा आणि मध्य प्रदेश, महिन्यातून पंधरा-वीस रात्री बाहेर. त्या जागेवरून सुटलेल्या माणसाला मी गाठून विचारलं. दोन वर्षांत इन्सेंटिव्ह पूर्ण मिळालं एकदाच, म्हणाला.

शिवाय जूनमध्ये इथे माझी पाच वर्षं पूर्ण होतात. त्याआधी सोडलं तर ग्रॅच्युइटी हातची जाऊ शकते. दर वर्षाला पंधरा दिवसांचं बेसिक, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तुम्ही करून बघा, ८० हजारांवर पाच वर्षांचे २ लाख ३० हजार येतात. ते सोडून मी जाणार नाही. जूननंतर बघू. गेलेच तर पक्का पगार विचारून जाईन, पॅकेज विचारून नाही.

आता स्लॅब. गवंड्याने साडेतीन लाख सांगितलेत. ऑक्टोबर ते डिसेंबरची तिमाही १०३ टक्क्यांवर बंद झाली आहे (शेटजींनी हार नाही घातला, पण माल भरपूर उचलला). त्याचे १ लाख २० हजार फेब्रुवारीच्या पगारात येतील, कर कापून हाती ९५ हजार. ते थेट तुमच्या खात्यावर टाकते. एक लाख माझ्या बचतीतून उद्याच पाठवते. म्हणजे दोन लाखांच्या जरा आत झाले. तेवढ्यात गच्चीचा जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग आणि स्वयंपाकघरावरचा तडा एवढं पावसाळ्याआधी होईल. आतला गिलावा आणि रंग दिवाळीनंतर. गवंड्याला सगळं एकदम उकरू देऊ नका, त्याला तेच हवं असतं. बाबांनी पेन्शनमधले घालायचे नाहीत. ते आईच्या गुडघ्यासाठी आहेत, ह्यावर माझी सही समजा.

दादाला मी स्वतः फोन करते. पाच नाही, पन्नास हजार देईन, आणि ते परत मागणार नाही असं धरूनच देईन. मामांना हे पत्र दाखवलंत तरी चालेल. नाहीतर नकोच, पुन्हा नवा आकडा गावभर व्हायचा.

संक्रांतीला येता येत नाही, १४ ला कोल्हापूरला आहे. पण १५ ला परतताना कराडला उतरते, जेवूनच जाईन. आई, गुळाची पोळी एक ठेव, तूप घरचंच असू दे. बाबा, तोवर स्लिप तपासून ठेवा. विशेष भत्ता म्हणून जी ओळ आहे ती मलाही कधी नीट कळलेली नाही. नव्या श्रम संहितेमुळे ती बदलणार असं एचआरवाले म्हणतात. ती समोर बसून बघू.

तुमची,
मनू