पहिल्या दिवशीच्या बैठका आणि तिसऱ्या दिवशीचे दुखणे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रथसप्तमीनंतरचे दोन-तीन दिवस माझ्याकडे दरवर्षी एकाच प्रकारचे फोन येतात. वर्षभर एकही सूर्यनमस्कार न घातलेली मंडळी त्या सकाळी उत्साहाने एकशे आठ नमस्कार घालतात, संध्याकाळपर्यंत ठणठणीत असतात आणि दुसऱ्या दिवशी हात वर करून केस विंचरता येईनासे झाले की घाबरतात. जानेवारीत जिमला नाव घातलेल्यांचे गाऱ्हाणे थोडे वेगळे असते : जिना चढता येतो, पण उतरताना कठडा धरावा लागतो. एकतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. या दुखण्याविषयीच्या गैरसमजांमुळे कितीतरी जण आठवड्याच्या आत व्यायाम सोडतात आणि काही थोडे थेट रुग्णालयात पोहोचतात, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्याकडे या दुखण्याला ‘अंग आंबणे’ असा नेमका शब्द आहे. लचक भरणे, उसण भरणे, पेटका येणे या प्रत्येकाहून ते वेगळे असते. लचक किंवा उसण त्या क्षणी, एका जागी, कळ मारून येते. अंग आंबते ते मात्र बारा ते चोवीस तासांनी, दोन्ही बाजूंना सारखे, संपूर्ण स्नायूभर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते ऐन भरात असते आणि पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरते. शब्द आपला चांगला असला, तरी त्यातल्या आंबटपणामुळे एक चुकीची समजूत अधिकच पक्की झाली आहे. स्नायूंत ‘लॅक्टिक ॲसिड’ साठते आणि तेच दुखते, असे जिममधले प्रशिक्षकही सर्रास सांगतात. पण व्यायामाने रक्तात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचेच रक्तातले रूप, साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. मग मंगळवारच्या व्यायामाचे दुखणे गुरुवारी ऐन जोरात असण्याचे कारण ते असणार कसे?

खरे कारण सिंहगड चढून उतरलेल्या माणसाच्या मांड्यांना ठाऊक असते. आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढताना दम लागतो, घाम निथळतो, आणि उतरणे त्या मानाने सोपे वाटते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या बहुतांशी उतरल्यामुळे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार रोखून धरतो आणि रोखता रोखता ताणला जातो. बैठकीत खाली जाताना, दंड मारताना छाती जमिनीकडे नेताना, वजन सावकाश खाली ठेवताना नेमके हेच घडते. ताणाखाली लांबण्याच्या या कामात, सवय नसलेल्या स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते, तिच्या दुरुस्तीसाठी तेथे सूज येते आणि मज्जातंतू हळवे होतात. तंतू फाटल्यामुळे हे दुखते, अशी कल्पना थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडली होती. बारकावे पुढे पुष्कळ बदलले. पण ॲसिडचा सिद्धान्त मागे पडला, तरी आपल्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

या इजेची दुसरी बाजू मात्र फार आश्वासक आहे आणि नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याला ती कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते. एकदा आंबलेला स्नायू दुरुस्त होताना त्याच कामासाठी तयारही होतो. आठ-दहा दिवसांनी तोच व्यायाम तितकाच केला, तर दुखणे पहिल्यापेक्षा स्पष्टपणे कमी असते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यासाठी पहिल्या खेपेला कडेलोट करावा लागत नाही. अगदी थोड्या आवृत्त्यांनीही ते बऱ्याच अंशी मिळते. आपल्या तालमींतल्या वस्तादांना हे अनुभवाने कळलेले होते. नवा पोरगा आला की त्याला आधी फावड्याने हौद्यातली माती उकरायला लावायची, दहा-वीस बैठका घालून घ्यायच्या आणि घरी धाडायचे. शेकड्यांची भाषा काही महिन्यांनी. पोराला वाटे, वस्ताद आपल्याला मोजतच नाहीत. प्रत्यक्षात ते त्याचे शरीर मोजत असत.

आता जे घडले ते सांगतो. माझा भाचा चोवीस वर्षांचा आहे आणि संगणकासमोर बसून काम करतो. गेल्या वर्षी त्याने घराजवळच्या एका जिमला नाव घातले. पहिल्याच संध्याकाळी तेथील प्रशिक्षकाने नव्या मुलांची जणू स्पर्धाच लावली आणि त्याच्याकडून दोनशेहून अधिक बैठका काढून घेतल्या, त्यांतल्या कित्येक उड्या मारत. दुसऱ्या दिवशी त्याने दुखते म्हणून कळवल्यावर ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय, उद्या ये’ असे उत्तर आले. तो गेला. रात्री झोप येईना म्हणून वेदनाशामक गोळ्या घेतल्या. तिसऱ्या रात्री त्याचा मला फोन आला : “मामा, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. गोळ्यांमुळे असेल का?” मी पोहोचलो तेव्हा त्याच्या मांड्या इतक्या सुजल्या होत्या की रोजची पॅंट गुडघ्यांच्या वर सरकत नव्हती. रुग्णालयात रक्त तपासले, तर क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतले विकर (एन्झाइम), जे निरोगी माणसात साधारणपणे दोन-तीनशेच्या आत असते, ते चाळीस हजारांच्या वर गेले होते. स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडले की त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते, लघवीचा रंग गडद करते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. पाच दिवस सलाईन चालले. मूत्रपिंडे वाचली, मुलगा बरा झाला. पण डॉक्टरांनी सांगितले की आणखी एक दिवस अंगावर काढला असता, तर डायलिसिसची वेळ आली असती.

स्नायू असे मोडण्याचा हा विकार नेहमीचा नाही आणि साध्या अंगदुखीला कोणी घाबरू नये. पण लघवी गडद तपकिरी होणे, स्नायू दगडासारखे टणक होऊन सुजणे, हाता-पायांतली ताकदच जाणे, यांतले एकही लक्षण दिसले, तर घरगुती उपचारांत तास न घालवता दवाखाना गाठावा. आठवडा उलटूनही दुखणे कमी होत नसेल किंवा ते एकाच सांध्यात असेल, तर ते आंबणे नव्हे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या औषधानेही स्नायूदुखी होऊ शकते, म्हणून त्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि पन्नाशीपुढच्या माणसाने छातीतले दुखणे ‘काल दंड मारले होते’ म्हणून स्वतःच निकालात काढू नये.

साध्या आंबण्यावर काय करावे, हेही लिहिले पाहिजे. अंथरुणाला खिळून राहू नये. वीस मिनिटे हलके चालल्याने, सायकल सावकाश फिरवल्याने अंग मोकळे होते. हा आराम तात्पुरता असला, तरी दिवस निभावतो. तेलाने हलक्या हाताने चोळून घेतल्याने बरे वाटते. ऊन पाण्याच्या अंघोळीनेही. व्यायामाच्या आधी आणि नंतर ताण देण्याचे (स्ट्रेचिंगचे) प्रकार मी स्वतः शाळेत वर्षानुवर्षे याच दुखण्यासाठी करून घेतले. पुढे वैद्यकीय संशोधने एकत्र तपासून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०११ चा आढावा वाचला, तेव्हा कळले की त्याने दुखण्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. अंग गरम करण्यासाठी आधी हलकी हालचाल जरूर करावी. झोप पुरी घ्यावी, जेवणात डाळ, उसळ, अंडी, दही यांपैकी काही ना काही रोज असावे आणि पाणी भरपूर प्यावे. वेदनाशामक गोळ्यांची सवय मात्र लावू नये. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि दुखणे झाकून माणसाला पुन्हा त्याच श्रमाला जुंपतात. ज्या स्नायूंना दुखते आहे त्यांना दोन दिवस जड काम देऊ नये. पाय आंबले असतील तर हातांचा व्यायाम करावा.

ही काळजी सर्वांत जास्त कोणाला हवी, तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावोगावच्या मुलामुलींना. सोळाशे मीटर किंवा आठशे मीटर धावणे, शंभर मीटर आणि गोळाफेक यांच्या गुणांवर त्यांचे भवितव्य असते, जाहिरात निघाली की हाताशी वेळ थोडा असतो आणि अकादमीत दाखल झाल्याच्या पहिल्या पहाटेपासून जुन्या मुलांच्या बरोबरीने त्यांना पळवले जाते. चुकीला शिक्षा म्हणून शंभर-दोनशे उठाबशा, हेही तेथे सर्रास चालते. शिक्षा म्हणून काढलेली बैठक ही स्नायूंच्या दृष्टीने बैठकच असते, आणि थकलेल्या, पाणी न प्यायलेल्या मुलाच्या बाबतीत ती अधिक धोक्याची.

माझी विनंती अगदी मर्यादित आहे. जिम, अकादमी आणि व्यायामशाळा नाव नोंदवताना अर्ज भरून घेतातच. त्या अर्जात आधीची सवय, चालू औषधे आणि आजार यांची नोंद असावी, पहिल्या दोन आठवड्यांच्या आवृत्त्यांची मर्यादा लिहिलेली असावी आणि गडद लघवीची सूचना मोठ्या अक्षरांत मराठीत भिंतीवर लावलेली असावी. भाच्याच्या जिमच्या चालकांना मी हे तीनही मुद्दे लेखी दिले आहेत. त्यांच्या उत्तराची मी वाट पाहत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, पुणे