ऑनलाइन दुकान मांडण्याआधी

निपाणी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

चपलांच्या ऑनलाइन दुकानासाठी शॉपिफाय (महिन्याच्या भाड्यानं मिळणारं तयार दुकान) घेऊ की वू-कॉमर्स (आपल्या वर्डप्रेस साइटला जोडायचं दुकान), असं तू विचारलंस. नुसतं महिन्याचं भाडं बघून ठरवू नकोस. कागद घे आणि एका जोडाचा हिशेब मांड.

समज, १,२०० रुपयांची कोल्हापुरी विकली. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुझ्या खात्यात टाकणारी कंपनी, साधारण २ टक्के घेते, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले २८ रुपये ३२ पैसे. हे दोन्हीकडे लागणारच. शॉपिफायच्या बेसिक प्लॅनवर बाहेरचा गेटवे जोडला की त्यांचे आणखी २ टक्के, म्हणजे २४ रुपये. त्यांचा स्वतःचा गेटवे भारतात नाही, त्यामुळे हे चुकत नाहीत. महिन्याला शंभर जोड गेले तर २,४०० रुपये, भाडं वेगळं.

वू-कॉमर्स फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), बॅकअप, अपडेट सगळं तुझ्या गळ्यात. एखादं प्लगइन (साइटला जोडलेली वरची सोय) अपडेट होतं आणि पैसे भरायचं पानच बंद पडतं, तेही शनिवारी रात्री. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात आणि ऑर्डर 'पेंडिंग'च दिसते. बहुतेक वेळा गेटवेचा वेबहुक, म्हणजे 'पैसे आले' हा आपोआप जाणारा निरोप, साइटपर्यंत पोचलेला नसतो. दुकान उघडण्याआधी एक रुपयाची वस्तू टाक, यूपीआयनं पैसे भर आणि साइटवर परत न येता ब्राउझर बंद कर. तरीही ऑर्डर 'प्रोसेसिंग'ला गेली तर वेबहुक ठीक. साइट सांभाळणारं हाताशी कोणी नसेल तर पहिलं वर्ष शॉपिफायच घे. ते २४ रुपये देखभालीचे समज.

काहीही घेतलंस तरी डोमेन (साइटचा पत्ता) तुझ्याच नावावर, तुझ्याच ईमेलवर हवं. साइट करून देणाऱ्या पोराच्या खात्यावर नको. ऑर्डरींची यादी दर महिन्याला सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून ठेव. ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर गिऱ्हाईक आयतं मिळतं, पण ते त्यांचंच राहतं.

आता आपल्या भागाची गंमत. निपाणी कर्नाटकात; कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्रातलं कागल. पण जीएसटीच्या लेखी जवळच्या कागलचं गिऱ्हाईक परराज्यातलं आणि कर्नाटकाच्या पार टोकाच्या बिदरचं घरचं! कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या जीआय (भौगोलिक) मानांकनात दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे आहेत, बेळगावही. करखात्याला मात्र सीमा दिसते. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकलास तर वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून बिननोंदणीचा विक्रेता ॲमेझॉनसारख्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरूनही राज्यातल्या राज्यात विकू शकतो. राज्याबाहेर एक जोड गेला तरी नोंदणी हवी. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे. ती तुझ्या मालाला लागू होते का, हे सीएकडून लेखी घे. तुझी गिऱ्हाइकं कोल्हापूर-पुण्याची असणार, तेव्हा जीएसटी नंबर आधीच काढलेला बरा. मग टॅक्स सेटिंगमध्ये २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला कर्नाटकासाठी सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २.५ आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) २.५, बाकी राज्यांना आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) ५ टक्के लाव. 'किमतीत कर धरलेला आहे' ही खूण करायला विसरलीस तर शेवटच्या पानावर किंमत फुगते आणि गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं.

खरा पैसा जातो तो कुरियरला. कुरियरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात आणि जे जास्त ते धरतात. जोडाचं वजन ७०० ग्रॅम, पण खोकं ३२ × २० × १२ सेंटिमीटरचं असेल तर गुणाकाराला ५,००० नं भागून दीड किलोच्या वर जातं, आणि दर लागतो दोन किलोचा. चपला तळाला तळ लावून ३० × १३ × ८ च्या खोक्यात घाल. एक किलोत बसतं. कॅश ऑन डिलिव्हरीचा जोड परत आला तर जाण्याचं-येण्याचं दोन्ही भाडं तुझ्या अंगावर. म्हणून १०० रुपये तरी आगाऊ घे.

परत येण्याचं मोठं कारण माप. नुसता 'आठ नंबर' लिहू नकोस, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये दे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, अंगठ्याच्या टोकाला खूण करायची आणि मोजायचं, चित्रासकट दाखव. साठाही मापागणिक ठेव. सहा मापं, दोन रंग, म्हणजे एका डिझाइनच्या बारा ओळी. दुकानात विकलेला जोड त्याच दिवशी साइटवरून वजा झाला नाही तर तोच जोड दोघांना विकला जातो.

गेटवेचा अर्ज भरण्याआधी संपर्क, परतावा, डिलिव्हरी आणि गोपनीयतेची पानं तयार ठेव. ती नसली की अर्ज अडकतो. तक्रार निवारण अधिकारी म्हणून तुझंच नाव आणि फोन घाल. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते.

तुझे,
आप्पा