सर्वांगासनाच्या फोटोखाली एक ओळ वाढवा

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सर्वांगासनाचा, म्हणजे खांद्यांवर भार देऊन पाय सरळ वर नेण्याच्या आसनाचा, अर्धा पान फोटो पाहिला आणि खाली सात फायदे वाचले. फोटो झकास आहे, त्या मुलीचे पाय अगदी ओळंब्यात, पण हे आसन कोणी करू नये याचा कुठे उल्लेखच नाही. मी स्वतः योगशिक्षिका आहे आणि हेच विचारायचं राहून गेल्यामुळे माझ्या वर्गात काय झालं ते सांगते.

मी योगाकडे आले ते कंबरेमुळे. बँकेत काउंटरची नोकरी, डोंबिवली ते सीएसटी रोजचं लोकलचं रेटारेटीचं आयुष्य, चाळिशीत कंबर अशी धरायची की सकाळी पलंगावरून उठायला नवऱ्याचा हात लागायचा. शेजारच्या वहिनींनी ओढतच वर्गाला नेलं. सरांनी पहिले दोन महिने मला पुढे वाकूच दिलं नाही, नुसतं भुजंगासन, अर्धशलभासन आणि मकरासनात पडून राहायचं, मला वाटायचं हा कसला योगा, टीव्हीवर तर लोक काय काय करतात. कंबर सुटली आणि मग मला वेडच लागलं. सात-आठ वर्षांत हलासन, चक्रासन, शीर्षासन सगळं जमायला लागलं, सर मलाच पुढे बोलावून दाखवायला लावायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पुढे व्हीआरएस घेतली आणि शनिवार-रविवार करत वर्षभराची योगशिक्षक पदविका केली. तिथे पहिल्याच पाठाला माझ्या भ्रमाचा भोपळा फुटला. समोर तोंड करून उभं राहिलं की ‘उजवा हात वर’ म्हणताना आपण डावा वर करायचा असतो, नाहीतर समोरचे गोंधळतात, आणि मी तर ‘श्वास घ्या, श्वास सोडा’ म्हणता म्हणता स्वतःच श्वास घ्यायला विसरले. इतकी वर्षं आसन करताना माझं लक्ष माझ्या शरीराकडे. शिकवताना पंधरा जणांकडे बघायचं, कोणाची मान आखडलीय, कोण दम धरून बसलंय, कोणाचा गुडघा दुखतोय पण लाजेने सांगत नाही. हे बघणं मला कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणजे सर ते माझ्यासाठी करत होते पण मला कधी दिसलं नव्हतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये बॅच सुरू केली. दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सर्वांगासन दिलं, भिंतीला पाय लावून का होईना. एक काकू, अठ्ठावन्न वर्षांच्या, खाली आल्या तेव्हा चेहरा लालबुंद, डोळ्यापुढे अंधारी. त्या कित्येक वर्षं बीपीची गोळी घेत होत्या आणि मी विचारलंच नव्हतं. नशीब, थोडा वेळ पडून राहिल्यावर ठीक झाल्या. त्यांचा मुलगा न्यायला आला, मला काहीच बोलला नाही आणि तेच जास्त लागलं. त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी वहीत प्रत्येकाचं पान केलं, बीपी, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा त्रास, ऑपरेशन, सगळं विचारून लिहिलं. मग कळलं की बिनतक्रारीचे फक्त तिघेच आहेत.

आणि हे काही नवीन ज्ञान नाही हो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्या काळात आसनं करणाऱ्यांचे एक्स-रे काढून, रक्तदाब मोजून अभ्यास केला. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टे, लाकडी विटा, भिंतीचे दोर वापरले ते कशासाठी, तर ज्याला जमत नाही त्यालाही आसन झेपावं म्हणून. आपल्या महाराष्ट्रात एवढं काम झालंय आणि आपण मात्र फोटोत कायम लवचिक वीस वर्षांची मुलगीच दाखवतो. हल्ली तर महिन्याभरात शिक्षक करून देतो अशा जाहिराती येतात. तेवढ्या दिवसांत आसनांची नावं पाठ होतील, पण समोरच्याचा गुडघा वाचता येणार नाही.

एक तोटाही सांगते, शिकवायला लागले आणि माझी स्वतःची साधना मागे पडली. दोन बॅचेस झाल्या की अंगात त्राण नसायचं. आता साडेचारला उठून आधी माझं करते, तेव्हा कोणालाही काही दाखवायचं नसतं, शीर्षासन तर गेले सहा महिने केलेलंच नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

तर विनंती एवढीच, आसनाच्या फोटोखाली फायद्यांच्या आधी ‘कोणी करू नये’ ही एक ओळ छापा. सर्वांगासनाला उच्च रक्तदाब, काचबिंदू आणि मानेच्या मणक्याचा त्रास एवढं लिहिलं तरी पुष्कळ. 21 जूनची पुरवणी काढाल तेव्हा एखादा फोटो खुर्चीवर बसून आसन करणाऱ्यांचाही टाका. त्या काकू वर्गात परत आल्यात, खुर्चीवर बसून छान करतात. फोटोचं विचारलं तर म्हणाल्या, आधी दोन दिवस सांगा, केसांना कलप करायचाय.

— एक योगशिक्षिका, डोंबिवली (पूर्व)