पुण्याची यादी की सोलापूरची? लेकीस पत्र

सोलापूर

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, आजीनं घरी बसून मत दिलं, तसं मला पुण्यातून पोस्टानं देता येईल का?" तुझा मेसचा गलका आणि इकडे माझी शाळा सुटलेली, त्यामुळं नीट बोलणं झालं नाही. शिवाय हा विषय दोन वाक्यांत उरकावा असं मला वाटत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

उत्तर आधी देतो. नाही, तुला पोस्टानं मत देता येणार नाही. पण मत मात्र देता येईल, आणि त्यासाठीचं काम आत्ताच करायला हवं. निवडणूक लागल्यावर धावपळ करून ते होत नाही.

आपल्याकडं टपाली मतदान सरसकट सगळ्यांना नाही. कुणाला द्यायचं ते कायद्यानं आणि नियमांनी ठरवून दिलंय. सैन्यातले आणि निमलष्करी दलांतले लोक, परदेशातल्या आपल्या वकिलातींत नेमणुकीवर असलेले, प्रतिबंधक कायद्याखाली अटकेत असलेले, आमच्यासारखे निवडणुकीच्या ड्यूटीवरचे कर्मचारी, निवडणूक आयोगानं जाहीर केलेल्या अत्यावश्यक सेवांतले, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले, आणि ८५ वर्षांच्या पुढची माणसं. आधी ही अट ऐंशीची होती, २०२४ मध्ये पंच्याऐंशी केली. या सगळ्यांत विद्यार्थी कुठंच नाहीत. हैदराबादला कंपनीत गेलेला इंजिनिअर नाही, भिवंडीला यंत्रमागावर गेलेला आपल्या गल्लीतला कामगारही नाही.

तुझ्या मैत्रिणीची बहीण अमेरिकेत आहे, तिच्याकडं पाहून तुला वाटलं असेल की असंच सगळीकडं असतं. तिथं प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. ओरेगॉनमध्ये नोंदणी असलेल्या प्रत्येकाच्या घरी मतपत्रिका पोस्टानं येते. २००० सालची अध्यक्षाची निवडणूक त्या राज्यानं पूर्णपणे पोस्टानं घेतली. परत आलेल्या पाकिटावरची सही ते नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. आपण ती वाट धरलेली नाही.

आजीचं मतदान झालं तेव्हा तू इथं नव्हतीस, म्हणून ते सांगतो. २०२४ च्या लोकसभेला, ७ मेच्या मतदानाच्या काही दिवस आधी पथक घरी आलं. त्याआधी आपण तिचा १२-डी फॉर्म, म्हणजे टपाली मतासाठीचा अर्ज, भरून दिलेला. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस आणि व्हिडिओ घेणारा एक जण. पुढच्या खोलीत टेबल लावलं, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. तुझ्या आईला आणि मला त्यांनी बाहेर व्हायला सांगितलं, आणि ते बरोबरच केलं. आजीच्या हातात कागदाची मतपत्रिका आणि पेन दिलं, तर ती म्हणाली, "शिक्का कुठाय?" तिच्या उमेदीची सगळी वर्षं बाणाच्या फुलीचा रबरी शिक्का मारण्यात गेली, मग मशीनचं बटण आलं. टपाली मतपत्रिकेवर पेननं खूण करायची असते हे अधिकाऱ्यांनी तिला शांतपणे समजावलं. बराच वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. पत्रिकेची घडी घालून छोट्या पाकिटात, ते मोठ्या पाकिटात, डिंक लावून बंद आणि पथकाच्या पेटीत. मग तिनं पदर सावरला आणि सगळ्यांना चहा घेऊन जा म्हणून बसवलं. त्यांना पुढच्या घरी जायचं होतं, तरी तिच्यासाठी थांबले.

आजी मतदार झाली तेव्हा मताचं वय एकवीस होतं. अठरा झालं ते १९८९ पासून, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं. तिच्या आईच्या तरुणपणी तर सोलापुरातल्या साध्या घरातल्या बाईला मतच नव्हतं; १९३५ च्या कायद्यात मालमत्ता, कर नाहीतर शिक्षण बघून मताचा अधिकार मिळायचा. तू मात्र अठराची झालीस की बास.

आता माझं स्वतःचं. लोकसभेला ड्यूटी आपल्याच मतदारसंघात होती, म्हणून मला ड्यूटीचं प्रमाणपत्र मिळालं आणि मी ज्या केंद्रावर बसलो होतो तिथल्याच मशीनवर मत दिलं. विधानसभेला दुसऱ्या मतदारसंघात पाठवलं, तेव्हा टपाली. पूर्वी आमची मतपत्रिका घरी यायची आणि मतमोजणीच्या सकाळपर्यंत कधीही पोचवता यायची. इतके दिवस कोरी पत्रिका घरात राहिली की कोण कुणाला काय सांगेल, कोण दाखव म्हणेल, याचा भरवसा नसतो. २०२३ मध्ये नियम बदलला. आता प्रशिक्षणाच्या ठिकाणी सुविधा केंद्र असतं, तिथंच मत द्यायचं आणि पेटीत टाकायचं. मला हा बदल मनापासून पटतो.

या पोस्टाच्या मतात चुका किती सहज होतात ते बघ. एक घोषणापत्र असतं, १३-ए. त्यावर मतदाराची सही आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन लागतं. मतपत्रिका छोट्या पाकिटात जाते, १३-बी, आणि त्यावर पत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा. मग हे छोटं पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात, १३-सी. घाईत कुणी घोषणापत्रही छोट्या पाकिटात कोंबतो. मोजणीला मोठं पाकीट उघडलं की आधी घोषणापत्र शोधतात. ते मिळालं नाही, साक्षांकन नसलं किंवा क्रमांक जुळला नाही, तर छोटं पाकीट न उघडताच मत बाद. पत्रिकेवर कुणी सही ठोकली तरी बाद, कारण मत कुणाचं ते कळता कामा नये. आणि मोजणी सुरू व्हायच्या वेळेपर्यंत पाकीट पोचलं नाही तर ते मोजतच नाहीत. शिकलेसवरलेले लोक यात चुकतात. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमची जागा ४८ मतांनी ठरली आणि तिथं बाद ठरवलेली टपाली मतं पुन्हा तपासावी लागली. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी फेरतपासायची, असा दंडकच आहे.

जवानांचं जरा वेगळं. त्यांना कोरी मतपत्रिका संगणकावरून जाते, ते ती छापून घेतात, खूण करतात आणि पाकीट पोस्टानं परत पाठवतात. जाताना लागणारे दिवस तेवढे वाचतात. तू एनसीसीत आहेस म्हणून सांगतो: आधी जवानाच्या फक्त बायकोलाच त्याच्याबरोबर ही सोय होती. २०२१ च्या दुरुस्तीनं 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' आलं, त्यामुळं सैन्यातल्या बाईच्या नवऱ्यालाही आता ती मिळते.

मग सगळ्यांनाच ही सोय का नाही, असं तू विचारशील. मला दोन्ही बाजू दिसतात. बंद खोलीत आजीच्या समोर दोन अधिकारी होते आणि कॅमेरा होता. पण कोट्यवधी घरांत पत्रिका गेल्या, तर सासऱ्यानं सुनेच्या हातून, मालकानं कामगाराच्या हातून खूण करून घेतली नाही हे बघायला कोण उभं राहणार? केंद्रावरच्या त्या आडोशात बाई एकटी असते, तिथं नवऱ्यालाही प्रवेश नाही, आणि ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसरीकडं पोटासाठी गाव सोडलेल्यांचं मत वर्षानुवर्षं वाया जातं हेही मला सलतं. बाहेरगावी राहून आपल्या मतदारसंघासाठी मत देता यावं म्हणून आयोगानं एक यंत्र बनवलं होतं, एकावर ७२ मतदारसंघ चालतील असं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावून दाखवणार होते. पक्षांनी हरकती घेतल्या आणि ते तिथंच राहिलं. ते काम कुणीतरी पुढं न्यायला हवं.

तोवर तुझ्यापुढं दोनच रस्ते आहेत. एक, नाव सोलापूरच्या यादीत घालायचं आणि मतदानाला इथं यायचं. दोन, हॉस्टेलच्या पत्त्यावर पुण्यात नोंदवायचं. विद्यार्थ्याला यातलं कुठलंही एक निवडायची मुभा आहे. एकच, हे ध्यानात ठेव. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यानं चालत नाही, आणि फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आजीचं म्हणणं, "पोरीचं नाव आपल्याच वॉर्डात असू दे, माझ्या नावाखाली." तुझ्या आईलाही तेच वाटतं. मला विचारशील तर पुण्यात घाल.

बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर जाऊन चौकशी करायचं, काम केलं तेव्हा मी साखर पेठेत, अशोक चौकात घरोघर फिरलोय. दार उघडणारी आई सांगते, "पोरगं पुण्यात, पोरगी बंगळूरला, पण नाव असू द्या सर, येतील." मतदानाच्या दिवशी केंद्रात बसलं की तीच नावं पुढं येतात आणि त्यांच्यापुढं खूण काही होत नाही. एखादा येतो, बाकीचे येत नाहीत. कुणाची परीक्षा असते, कुणाला हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट मिळत नाही, कुणाला मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हाचं नुसतं नाव काढलं तरी नको वाटतं. त्या पोरांना मी दोष देत नाही. तू चार वर्षं तिथं राहणार. तिथल्या पीएमपी बसला लटकणार, तिथले रस्ते तुडवणार, रात्री क्लासहून येताना दिवे नसले तर भीती तुला वाटणार. त्याचा जाब तिथल्या उमेदवाराला विचारायचा तुझा हक्क आहे. पुढं नोकरीसाठी आणखी कुठं गेलीस, तर आठ नंबरचा फॉर्म भरून नाव तिकडं हलवता येतं. आणि सोलापूर काही यादीत नाव नाही म्हणून परकं होत नाही. आजीला मी समजावतो, ते माझ्याकडं लागलं.

नवीन नावासाठी सहा नंबरचा फॉर्म. आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर भरता येतो, अडलं तर १९५० ला फोन कर. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच नाव लागायचं. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, चारही महिन्यांची एक तारीख धरतात. तुझा वाढदिवस ऑगस्टात, म्हणजे १ ऑक्टोबरला तू पात्र. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो, त्यामुळं वाट बघत बसायचं कारण नाही. अमुक पुढाऱ्याची सभा झाली की भरू, असं करू नकोस. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं नाव घेणं बंद होतं, आणि त्यानंतर रडून उपयोग नसतो.

तुझं नाव मराठीत आणि इंग्रजीत दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच भर. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळी नावं एकाच यादीत येतात. कुठं चिलवेरीचं चिलवरी होतं, तर कुठं बापाच्या जागी भावाचं नाव. मग केंद्रावर वाद. यादी म्हणजे नुसता कागद नव्हे हे मी तुला आधीही सांगितलंय. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, उत्तरेतल्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही; अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशी नोंद मानायला तयार झाले नाहीत आणि जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. कठोर वाटलं तरी त्यांचं बरोबर होतं असं माझं मत. पुढच्या निवडणुकीला त्यातल्या बऱ्याच बायकांनी नावं सांगितली.

अर्ज भरला की संदर्भ क्रमांक येतो, तो मला पाठव. नंतर तिथले बीएलओ चौकशीला येतील. त्या वेळी तू खोलीवर नसलीस तर रेक्टरबाईंना तुझं नाव माहीत असू दे. मतदार कार्ड स्पीड पोस्टानं येतं, म्हणून पत्त्यात खोली क्रमांक आणि पिनकोड बरोबर टाक. आणि हातात कार्ड आलं म्हणजे झालं असं समजू नकोस. मतदानाआधी यादीत नाव आहे का ते एकदा बघ. यादीत नसेल तर नुसत्या कार्डावर कुणी मत देऊ देत नाही. केंद्रावर कार्ड पुढं करून भांडणारी माणसं मी दरवेळी बघतो आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं.

हॉस्टेलच्या पत्त्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचा दाखला लागेल, त्याचा नमुना फॉर्मबरोबरच मिळतो. ऑफिसात सोमवारीच अर्ज दे, सहीला आठवडा लागतो म्हणतात. तुझा जन्मदाखला आणि दहावीची गुणपत्रिका यांची स्कॅन आई आज रात्री पाठवेल. रविवारी शेजारचे काका पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर शेंगा चटणी आणि कडक भाकरी देतोय. डबा परत पाठव.

तुझे,
अण्णा