फरशीवरचे तीन ठिपके

मँचेस्टर,
२४ फेब्रुवारी

ती. आण्णा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर काही सांगायला गेलो की आई आधी 'जेवलास का' विचारते, दादा मधेच गावातल्या खड्ड्यांवर घसरतो आणि आण्णा, तुम्ही तर फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता. म्हणून पत्र लिहितोय. दादानं मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि त्याच्याबद्दल लिहिलेलं गाळू नये.

गेल्या शनिवारी फोटोग्राफीचं वर्कशॉप पार पडलं. आठ जण आले. पाच इथल्या मराठी मंडळातले आणि तीन त्यांच्या ऑफिसातले. जागा म्हणजे जुन्या कापडगिरणीतला भाड्याचा स्टुडिओ, तिसऱ्या मजल्यावर. शाहू मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी कोल्हापूरची माणसं तुम्ही, तुम्हाला ती इमारत बघून बरं वाटलं असतं. यंत्रं कधीच गेली. उंच खिडक्यांच्या मागं आता फोटोवाले, कुंभारकाम शिकवणारे आणि एक बेकरी आहे.

भाडं तासाला ३० पौंड, कमीत कमी चार तास. मी पाच घेतले. सामान लावायचा आणि आवरायचा वेळही त्याच पाचांत, हे कागदावर बारीक अक्षरात होतं. दहाला दार उघडलं, तर लिफ्ट बंद. दिवे, स्टँड, वाळूच्या पिशव्या, सगळं जिन्यानं वर नेण्यात वीस मिनिटं गेली, लावण्यात अर्धा तास. पहिला फोटो निघायच्या आत २५ पौंड गेले होते. मीटर चालू आहे आणि रिक्षा जागेवरच उभी, अशातली गत.

मग ट्रिगरची रड. कॅमेऱ्यावर बसवायचं ते छोटं यंत्र, जे दाबलं की दिवा पेटतो, ते स्टुडिओनं एकच दिलेलं. आठ जणांनी ओळीनं वापरायचं म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी एका मांडणीला चोवीस मिनिटं, आणि बाकीचे सात जण मोबाईल बघत उभे. अर्ध्या तासात माझं डोकं ठिकाणावर आलं. चार जणांना खिडकीपाशी पाठवलं, नुसत्या उजेडात काम करा म्हटलं, आणि चार जणांना दिव्यापाशी ठेवलं. नंतर अदलाबदल. हे आदल्या रात्रीच सुचायला हवं होतं. एका पोराच्या फोटोत खाली काळा पट्टा येत होता. कॅमेरा बिघडला म्हणून तो रडकुंडीला आलेला. शटर ५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या हिश्श्यावर ठेवलं होतं त्यानं. इतक्या वेगात शटरचा पडदा एकाच वेळी पूर्ण उघडत नाही, त्यामुळं दिवा लखलखतो तेव्हा फोटोचा एक भाग झाकलेलाच असतो. १६० वर आणलं, पट्टा गेला.

आता खरी गोष्ट.

फोटोला बसायला मंडळातल्या एक काकू आल्या होत्या. सत्तरीच्या, नऊवारी, नथ आणि जाड भिंगाचा चष्मा. चष्म्यावर दिव्याची चकाकी आली. मी पुढं झालो आणि काड्या कानांवर जरा उचलून ठेवल्या. काचा किंचित खाली झुकल्या, चकाकी गायब. 'हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?' असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, मंगळवार पेठेतल्या आमच्या स्टुडिओत.

नंतर तिनंच विचारलं, भाड्यात चार दिवे मिळालेत, मग तुम्ही एकच का लावलाय? आणि मागची भिंत तर पांढरी आहे, फोटोत ती करडी कशी आली? खरं तर कागदाचा काळा रोल होता तिथं, पण पायाखाली मळेल तेवढा कापून मीटरच्या मापानं पैसे घेतात, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. काकू दिव्यापासून १ मीटरवर बसलेल्या, भिंत दिव्यापासून ३ मीटरवर. अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. म्हणून चेहरा उजळ आणि भिंत काळवंडलेली. काकूंची खुर्ची भिंतीला टेकवली, दिवाही तेवढाच मागं घेतला, तर तीच भिंत पांढरीफेक.

हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली बघा, आण्णा. आपल्या स्टुडिओतल्या शहाबादी फरशीवरचे तुमचे ते तीन लाल ठिपके डोळ्यांसमोर आले. भिंतीलगतचा पासपोर्टचा. मधला शाळेच्या ओळखपत्राचा आणि घरच्यांच्या फोटोचा. सगळ्यात पुढचा, दाराजवळचा, मुलगी दाखवायच्या फोटोचा. खुर्ची हलली की बटरपेपर लावलेला हजार वॅटचा हॅलोजन तिच्याबरोबर हलायचा, पडदा मात्र तोच. मी वीस वर्षं समजत होतो की गिऱ्हाईक नीट बसावं म्हणून ते ठिपके आहेत. तुमच्याकडं तीन रंगांचे पडदे नव्हते, एकच होता, आणि तुम्ही गिऱ्हाईकाला पुढं-मागं ओढून त्याचे तीन करत होता. एकदा तरी सांगायचं की हो! मी तिसऱ्या ठिपक्यावर गोट्या खेळत होतो.

मग मीही इथं जमिनीवर तीन चिकटपट्ट्या लावल्या आणि पोरांना एकेका पट्टीवर बसवून फोटो काढायला लावले. पाच तासांत तेवढाच तास मला आवडला. पुढं काय झालं म्हणाल, तर मालकानं पट्ट्यांचा गोंद राहिला म्हणून अनामत रकमेतले २५ पौंड कापले. तुमच्या ठिपक्यांचे पैसे घरमालकानं कधी मागितले नाहीत. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकणारा त्यावर उभा असतो, त्याला तरी काय माहीत.

आई, भडंग संपलं. डबा उघडल्यावर त्या तीन गोऱ्यांनीच निम्मं खाल्लं. लसूण दाताखाली आल्यावरचे त्यांचे चेहरे मी टिपलेत, दादाच्या फोनवर पाठवतो.

त्यांना किरणोत्सवही सांगितला. मावळतीचा सूर्य महाद्वारातून आडवा आत येतो, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, मग वर सरकत छातीपर्यंत आणि मग चेहऱ्यावर. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी. एका पोरानं विचारलं, पण दिवा कुणी लावला? म्हटलं, ज्यानं देवळाची दिशा धरली त्यानं. वाटेत उंच इमारती आल्या की किरणं अडतात ही आपल्या गावची जुनी कटकटही सांगितली, कारण त्याच वेळी दोघं जण खिडकी आणि काकूंच्या मधे उभे होते.

तर, मी नोव्हेंबरात किरणोत्सवाला येतोय आणि त्यानंतरच्या शनिवार-रविवारी कोल्हापुरात असंच वर्कशॉप घ्यायचं ठरवलंय.

दादा, आता तू. राजारामपुरीतल्या ज्या स्टुडिओचं तू बोललास तिथं टेप घेऊन जा. छत १० फुटांच्या खाली असेल तर नको, दिवा डोक्यावरून पुढं घेता येत नाही. लांबी २५ फूट तरी लागेल, म्हणजे माणूस भिंतीपासून सुटा बसतो आणि कॅमेऱ्यालाही मागं जागा उरते. भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील तर परत फीर, कितीही स्वस्त असो. तो रंग गालावर उतरतो आणि मग माणूस आजारी दिसतो. १५ अँपिअरचे पॉइंट किती ते मोज. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते मालकाच्या तोंडून नको, बटण दाबून बघ. भाडं कधीपासून धरतात, कुलूप उघडल्यापासून की पहिल्या फोटोपासून, हे आधी विचार. माझे दोन बॅटरीचे फ्लॅश मी घेऊन येईन. त्यांच्या सुट्या बॅटऱ्या विमानात जवळच्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, त्यामुळं या खेपेला हातातल्या बॅगेत चॉकलेटला जागा नाही, पोरांना आत्ताच सांगून ठेव.

माणसं आठच. तू म्हणतोस तीस बोलवू, फुकट ठेवू, सगळे आपलेच आहेत. फुकट ठेवलं तर चाळीस येतील आणि अकराला मिसळ खायला म्हणून निम्मे जातील, ते परत यायचे नाहीत. १५०० रुपये घेऊ. वहिनींच्या ओळखीतल्या दोघी चपला आणि साज ऑनलाइन विकतात, त्यांना मात्र निम्म्यात. त्यांना याची खरी गरज आहे. साजाचा फोटो काढणं चेहऱ्यापेक्षा अवघड. चकचकीत मणी समोरचं सगळं पकडतात, कॅमेरा धरलेला माणूससुद्धा. चारी बाजूंनी पांढरा थर्माकोल लावून एका फटीतून काढावा लागतो. तालमीतला कुणी पैलवान फोटोला बसणार असेल तर आधी वस्तादांना विचार आणि त्याच्याकडून लेखी घे. इथं हे मी शिकलोय.

सुरुवात खरी कॉर्नरला, कॅमेऱ्याच्या त्या स्तंभापाशी करायची. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा याच गावात घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, हे आण्णा, तुम्ही मला प्रत्येक वेळी तिथून जाताना सांगितलंय. मी सांगितलं तर भाषण होईल. तुम्ही सांगा.

आणि ते सांगून घरी जायचं नाही. दुपारचा एक तास तुमचा. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत आहे. 'मला डिजिटल कळत नाही', हे वाक्य तयारच असेल. डिजिटल मी बघतो. तुम्ही फक्त खुर्ची ठेवायची, पोराला बसवायचं, दिवा ओढायचा आणि पुढच्या ठिपक्यावर जायचं. काही बोलला नाहीत तरी चालेल, तसंही तुम्ही कधी बोलत नव्हता. माळ्यावरची ती गोल बैठकीची खुर्ची काढून ठेवा, एक पाय डुगडुगत होता, सुताराला दाखवा.

ठिपके मात्र खडूनं काढू. जागा भाड्याची आहे.

तुमचा,
पिंट्या

ता. क. दादा, दाराची रुंदीही मोज. ती खुर्ची आत गेली पाहिजे.